चोरून ऐकलेलं पनवेल

लायसन लागतं हे मला माहीत नव्हतं, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. माहीत होतं. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेल्या बाईला बिनतारी संचाचं लायसन माहीत नसावं, यावर फक्त आमच्या ह्यांनी विश्वास ठेवला, आणि तोही स्वतःच्या सोयीसाठी.

नुकती निवृत्त झाले होते. नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या, त्यांना सगळे खाला म्हणत. मूळच्या जुन्या पनवेलच्या, मिस्टर कुवेतला. एका सुट्टीत ते रेडिओ समजून एक संच घेऊन आले आणि आठ दिवसांत घरातले सगळे त्याला वैतागले. खाला तो घेऊन वर आल्या.

"ताई, याच्यात गाणीच लागत नाहीत. नुसती खरखर, नि मध्येच कोण तरी आपल्यावर खेकसतो. तुम्ही टेलिफोनवाल्या, तुम्हीच ठेवा ही बला."

तो स्कॅनर होता. त्याच्या काचेवर आकडे आपोआप पळायचे आणि हवेत जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबायचे. मी एरियल खिडकीच्या गजाला बांधली, दुपारचा चहा घेऊन बसले, आणि आकडे थांबले.

"कंट्रोल टू मोबाइल, लोकेशन सांगा."

"एसटी स्टँडसमोर आहे, ओव्हर."

एसटी स्टँड आमच्या घरापासून दोन किलोमीटर. तिथे एक पोलिसगाडी उभी आहे हे मला माहीत आहे आणि शेजारणीला नाही, एवढ्याने मी इतकी फुगले की विचारू नका. त्या वयात माणसाला थोडी अक्कल आलेली असते असं म्हणतात. मला निवृत्तीचं घड्याळ मिळालं होतं, अक्कल मिळायची होती.

एक्सचेंजमधल्या माझ्या मैत्रिणीचे थोरले भाऊ जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्तीनंतर उरणला मोरा बंदराजवळ राहायचे आणि दिवसभर लाँचवाल्यांची नि पोलिसांची बोलणी ऐकायचे. असे ऐकणारे या बाजूला आणखी चारपाच होते, सगळे पुरुष, सगळे पेन्शनर. बायकोने हॉलमधून हाकलल्यावर गॅलरीत बसणारे. मी फोनवर त्यांना माझा पराक्रम सांगितला तेव्हा भाऊ म्हणाले, "ऐक, पण तिथल्या तिथे सोडून दे. लिहायचं नाही आणि बोलायचं नाही. यात आपला धर्म एवढाच."

पहिला नियम मी पहिल्याच आठवड्यात मोडला, आणि तो वाईट हेतूने नाही. ट्रंककॉलच्या काळात आम्हाला प्रत्येक कॉलची चिठ्ठी भरावी लागे. कॉल किती वाजता बुक झाला, किती वाजता लागला, मध्ये किती वेळा प्रयत्न केला. ते हातात इतकं मुरलं होतं की कानावर आवाज पडला की बोटं वेळ लिहायची. मी नातीची अर्धी कोरी शाळेची वही घेतली आणि रकाने आखले. कंट्रोलने बोलावलं किती वाजता, किती वेळा बोलावलं, गाडी पोहोचली किती वाजता. नावं मी लिहीत नसे. गाढी नदीत बुडालेल्या एका मुलाचं नाव आणि त्याच्या वडिलांचा नंबर मी एकदा असा ऐकला, वडिलांना कळायच्याही आधी. तेव्हा पेन खाली ठेवलं आणि संचही बंद केला. दोन दिवस बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी परत लावला. मी साध्वी असल्याचा दावा कधीच केलेला नाही.

कंट्रोलवर दिवसपाळीला एक तरुण शिपाई असायचा. त्याला मी पाहिलं नव्हतं, पण त्याचा आवाज मला घरच्या माणसासारखा झाला होता. सकाळी तो पुस्तकातलं बोलायचा, "गाडी पोहोचली आहे." पाळी संपत आली आणि थकला, की गाव बाहेर यायचं, "गाडी पोचली हाय." मग वरचा कोणी तरी हसायचा आणि पुढचा अर्धा तास तो पुन्हा पुस्तकातलं बोलायचा. कितीही ओरडा झाला तरी चढ्या आवाजात उत्तर नाही. आमच्या बोर्डावर असता तर मी त्याला पहिल्या दिवशी इंटरनॅशनलला बसवला असता.

दुसरा नियम मी भाजीवालीसाठी मोडला. खरं सांगायचं तर भाजीवालीसाठीही नाही, शायनिंगसाठी.

जुन्या पनवेलच्या बाजारात रस्त्याच्या कडेला उरणकडच्या गावांतल्या बायका टोपल्या घेऊन बसायच्या. त्यातल्या एकीकडून मी वीस वर्षं पालेभाजी आणि वाल घेत होते. एका सकाळी मी संचावर ऐकलं की अकरा वाजता बाजारात अतिक्रमणवाल्यांची गाडी येणार, बंदोबस्त द्या. मी पिशवी घेऊन निघाले. भाजी घरात होती.

"मावशी, आज अकराच्या आत ऊठ."

"का बरा?"

"टोपल्या उचलायला गाडी येतेय."

"तुमाला कुनी सांगितला?"

इथे शहाण्या बाईने काही तरी थाप मारली असती. मी पदर सावरला आणि म्हणाले, "आम्हाला कळतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाय, तुमी टेलिफोनात होतात ना? मंग त्यांना एक फोन लावा, बोला येऊ नका. म्हंजी माजी टोपली उचलायला नको."

पण ती उठली, आणि तिच्याबरोबर बाकीच्याही उठल्या. मग मला चटकच लागली. दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्या वेळी गाडी बाजारात पोहोचली तेव्हा रस्ता मोकळा आणि बायका समोरच्या देवळाच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेल्या, टोपल्या मांडीवर घेऊन. मी घरी संचाला कान लावून होते. एका चौकीचे साहेब (कुठली चौकी ते सांगत नाही) स्वतः बोलले.

"कंट्रोल, रस्ता मोकळा आहे. अगदी मोकळा आहे. कोणाला रांगोळी काढायची असेल तर पाठवा, ओव्हर."

हसताना माझ्या नाकात चहा गेला. अजून खोकत होते तेवढ्यात साहेब पुन्हा बोलले, आणि आवाज बदललेला होता.

"कंट्रोल, सकाळचा मेसेज तुम्हीच दिला ना? ड्युटी संपल्यावर मला येऊन भेटा."

"होय सर," तो पोरगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंट्रोलवर दुसराच आवाज आला. तिसऱ्या दिवशीही. मी स्वतःला सांगितलं, रजा असेल. लग्न असेल. आठव्या दिवशी मी त्याला जुळी मुलं झाल्याचंही ठरवून टाकलं. मग बाजारात गेले.

मावशीने मला बघून तोंड फिरवलं नाही, पण वालही पुढे केला नाही.

"तो आमचे गावचा पोर हाय, वायरलेसवर," ती म्हणाली. "सायेब बोलतो, तूच गावच्या बायांना कलवतस. घरी बसवलाय त्याला. चौकशी लावलीय. नोकरी जाल त्याची."

"मग तू सांगितलं नाहीस, कोणी कळवलं ते?"

"काय सांगू? टेलिफोनवाली बाय हाय, तिला कलता, असा सांगू?" मग जुडी बांधत, "नि तुमचा नाव घेतला असता त आमाला परत कोन सांगल?"

त्या दिवशी मी वाल न घेताच घरी आले. तीस वर्षं कानात हेडफोन घालून मी अख्ख्या तालुक्याची भांडणं, लग्नं, मरणं ऐकली आणि एक अक्षर तोंडाबाहेर काढलं नाही. ते मला जमलं ते कोणी विचारत नव्हतं म्हणून नाही, तर त्याचा पगार मिळत होता म्हणून. पगार थांबल्यावर महिन्याभरात माझी जीभ सुटली, आणि तिची शिक्षा भोगत होता तो, ज्याने आजवर मला एक वेडावाकडा शब्द ऐकवला नव्हता.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला.

"तू जाऊन काय सांगणार?"

"मी ऐकते म्हणून सांगणार."

"आत टाकतील."

"टाकू देत. तुम्ही डबा आणा."

"मला कुकर लावता येत नाही," हे म्हणाले, आणि खरोखर तीच त्यांची काळजी होती.

मी संच पिशवीत घातला, वर वही ठेवली, आणि सकाळी साडेदहाला चौकीत गेले. साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. सोनसाखळी गेली असणार अशा चेहऱ्याने विचारलं, "बोला आजी, काय गेलं?"

"माझं काही गेलं नाही. तुमचं जातंय, आणि ते मी ऐकतेय."

त्यांना समजेना. मी बाजाराची तीनही प्रकरणं सांगितली. ते हसले. म्हणाले, तुम्हाला त्या पोराने पाठवलंय, गावच्या कोणी तरी शिकवलंय. तेव्हा मी त्यांचा आठवडा त्यांना म्हणून दाखवला. कोण कुठे उभा होता, कोण जेवायला गेल्यावर दीड तास सापडला नाही, आणि शेवटी रांगोळीचं वाक्य, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच ओव्हरसकट. दारातला हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"हे सगळं पाठ केलंत?"

"पाठ कशाला? लिहिलंय." आणि मी वही पुढे केली.

आता जे झालं ते मी ठरवून केलं, असं नातीला सांगते. ठरवलं बिरवलं काही नव्हतं. साहेब पानं उलटत होते, आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं. हायवेवर दोन गाड्यांची टक्कर. कंट्रोलने गाडी बोलावली चार वाजून दहा मिनिटांनी. पुन्हा चार अठराला, चार एकोणतीसला, चार चव्वेचाळीसला. गाडी पोहोचली पाच वाजून दोन मिनिटांनी. बावन्न मिनिटं. साहेब बराच वेळ ते पान वाचत होते. एवढं वाचायला त्यात काही नव्हतं. त्यांच्याकडच्या डायरीत काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही, पण तीस वर्षं चिठ्ठ्या भरलेल्या बाईला समोरच्याची चिठ्ठी खोटी असली की त्याच्या मानेवरून कळतं.

"ही वही कोणी कोणी पाहिली?"

"मी. आणि आता तुम्ही."

"वही ठेवा इथे आणि घरी जा. आम्ही बघतो काय ते."

"ठेवते. पंचनामा करा, पानं मोजा, मला पोच द्या."

"आजी, विनालायसन संच बाळगलात. तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, कळतंय का?"

"दाखल करा ना. त्यात फक्त हे लिहा की बाजाराची बातमी मी हवेतून ऐकली. म्हणजे तो पोरगा सुटला. त्यासाठीच आलेय मी, तुमचं पाणी प्यायला नाही."

गुन्हा लिहायचा तर वही जोडावी लागणार, आणि वही जोडायची तर ते पानही जोडावं लागणार. हे त्यांना माझ्या आधी कळलं. मला कळलं तेव्हा मी खुर्चीत जरा मागे टेकून बसले. एवढी उद्धट मी लग्नानंतर पहिल्यांदाच बसले असेन.

शेवटी कागद झाला. मेसेज बाहेरच्या संचावर ऐकला गेला, कर्मचाऱ्याचा संबंध दिसत नाही. मी तो दोनदा वाचला आणि मग सही केली. संच त्यांनी ठेवून घेतला. वही मी परत पिशवीत घातली, ती त्यांनी मागितली नाही. मग म्हणाले, "यापुढे ऐकणार नाही असं लिहून द्या." मी लिहिलं, "यापुढे ऐकलेलं कोणाला सांगणार नाही." त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद फाइलला लावला. दमले होते बिचारे.

चार दिवसांनी कंट्रोलवर त्याचा आवाज परत आला. हे मला कसं कळलं म्हणाल, तर भाऊंनी मोऱ्याहून फोन करून सांगितलं. पुढच्या सुट्टीत खालांच्या मिस्टरांना मी तसलाच रेडिओ आणायला सांगितला. "गाणी न लागणारा," असं बजावून सांगितलं. सांगणार नाही असं मी लिहून दिलं होतं आणि ते मी पाळलं. मावशीने पुढे कितीदा विचारलं, मी पालकाचा भाव करत राहिले.

आणि मग एके दिवशी आवाज गेले. तोपर्यंत दोन हजार दहाच्या आसपास आलो होतो. आधी काही आठवडे कधी बोलणं ऐकू यायचं, कधी नाही, मग पूर्ण बंद. आकडा तिथेच थांबायचा, म्हणजे कोणी तरी बोलत होतं, पण कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा आवाज. मी एरियल हलवली. संच आपटला. भाऊंना फोन लावला.

"तुमच्याकडे पण भजी?"

"भजीच," भाऊ म्हणाले. "नवे संच आलेत. आता बोलणं कुलूप लावून हवेत सोडतात, किल्ली त्यांच्याच संचात. संपलं आपलं."

पुढची दोन वर्षं मी असं समजून होते की हे माझ्यामुळे झालं. एका बाईने वही काढली म्हणून अख्ख्या खात्याने यंत्रं बदलली. माझ्या पार्ल्याच्या बहिणीने पेपरात वाचून सांगितलं की मुंबईतही पोलिसांनी कुलूप लावलंय, तेव्हा माझ्या आधी हेच मनात आलं, बघा, बातमी तिथवर गेली. असं होतं माझं डोकं.

पण कुलूप मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. बुडालेल्या मुलाचं नाव झाका. बाई घरातून निघून आली तर तिचा पत्ता झाका. त्यासाठी मीच दोन दिवस संच बंद ठेवला होता. पण गाडी किती वाजता बोलावली आणि किती वाजता आली, यात कोणाचं गुपित आहे? ती गाडी एक दिवस माझ्याच दारात यायची आहे. चोराला कळू नये म्हणून कुलूप लावलं म्हणतात. चोराला गाडीची वेळ कळून काय करायचंय, गाडी उशिराच येते हे त्याला आधीपासून माहीत आहे.

कुलूप लागल्यावर दोनेक महिन्यांनी एका दुपारी बेल वाजली. दारात तिशीचा एक सावळा माणूस, साध्या कपड्यात, हेल्मेट हातात. त्याने "नमस्कार" म्हटलं आणि मी त्याला आवाजावरून ओळखलं.

"या ना, बसा."

"नाय, बसत नाय." तो उंबऱ्यातच थांबला. "अकरा दिवस घरी होतो मी. आयेला सांगितला होता रजा हाय. तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही आलात?"

उत्तर होतं. जुळी मुलं. ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

"मी ड्युटीवर बोलायचो ते सगळं तुम्ही ऐकायचात?"

"हो."

"तेव्हापासून बोलताना वाटायचा, कोन तरी ऐकताय."

"कोणी तरी आधीही ऐकत होतं. फक्त तुम्हाला माहीत नव्हतं."

हे मी बोलायला नको होतं. पण तो रागावला नाही. हेल्मेट या हातातून त्या हातात केलं, आणि कशाला आलाय ते सांगितलं. बातमी फोडल्याचा ठपका माझ्या कागदाने गेला होता. पण हायवेच्या त्या अपघातात जखमीच्या घरच्यांनी पुढे तक्रार केली होती, आणि त्याच्या नावावर दुसरा शेरा पडला होता. कंट्रोलने गाडीला उशिरा कळवलं, असा. त्या शेऱ्यावर त्याची बढती दोनदा अडली होती.

"हवालदार बोलले, त्या दिवशी तुमचे वहीत सायेब एका पानावर थांबले होते. मी चार वेळा बोलावली होती ती गाडी. चार वेळा. ते लिवलाय काय?"

मी आत जाऊन वही आणली आणि पान उघडून त्याच्यासमोर धरलं. त्याने चारही वेळा बोटाने मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग आत आला आणि बसला.

"याची झेरॉक्स मिळेल?"

"झेरॉक्सवर कोण विश्वास ठेवणार? लिहिणारी पाहिजे." मी ह्यांना हाक मारली. "अहो, मी जरा मोठ्या साहेबांकडे जाऊन येते."

"परत?" आतून आवाज आला.

"कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा."

मोठे साहेब त्या दिवशी भेटले नाहीत. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला भेटले, वही वाचली, मला आडवंतिडवं विचारलं. चार एकोणतीसला कंट्रोल नेमकं काय म्हणाला, ते विचारलं. मी म्हणून दाखवलं. पोरगा शेजारी उभा होता, खाली बघत.

"हे तुम्ही कायद्याने ऐकायला नको होतं," साहेब म्हणाले.

"नको होतं. पण ऐकलं म्हणून आज हा इथे उभा आहे. आता तुम्ही कुलूप लावलंय. पुढच्या वेळी गाडी बावन्न मिनिटांनी आली आणि ठपका याच्यासारख्या कोणावर आला, तर त्याच्या बाजूने कोणी ऐकलेलं असेल, ते सांगा मला."

साहेबांनी पेन उघडलं, शेऱ्याच्या फाइलवर 'फेरचौकशी' असं लिहिलं, तारीख घातली. मी म्हटलं, वेळही घाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि वेळ घातली.

शेरा निघायला दीड वर्ष लागलं.